कळा सुरू होण्याआधीचं बोलणं

सोलापूर–पुणे महामार्गावर शहराची वस्ती विरळ झाली की चिंचोळी एमआयडीसी लागते. मोहोळ तालुक्यातली ही औद्योगिक वसाहत. रसायनं, औषधांचा कच्चा माल, कापड अशा कारखान्यांत पाकणी-कोंडीपासून थेट सोलापूर शहरापर्यंतची माणसं पाळीनं कामाला येतात. पाळीच्या कामात दिवस मोजला जातो तो हजेरीनं. ठेकेदाराकडं पॅकिंगला किंवा साफसफाईला असलेल्या बाईला दिवस गेले, की दवाखान्याची प्रत्येक फेरी तिच्यासाठी एक खाडा ठरते. मग फेऱ्या कमी होतात. जी फेरी होते तिच्यात रांग मोठी आणि मॅडमसमोरचा वेळ थोडा. वजन, रक्तदाब, बाळाचे ठोके, लोहाच्या गोळ्या, ‘पुढच्या महिन्यात या’. बाळंतपण कुठं करायचं, काही अडलं तर काय करायचं, तिला स्वतःला कशाची भीती वाटते, हे बोलायचं राहून जातं. ते निघतं थेट प्रसूतिगृहात, कळा सुरू असताना, बऱ्याचदा मध्यरात्री. आणि तेही तिच्याशी नाही. ‘नातेवाईक कुठायत? इथं सही करा.’

सही करतो तिचा नवरा, बाप किंवा भाऊ. जिच्या पोटावर कात्री चालायची ती बाई आत असते आणि निर्णय बाहेरच्या बाकावर होतो.

कायदा याच्या नेमका उलट आहे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००८ मध्ये ‘समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा’ या खटल्यात तो स्पष्ट केला. दिल्लीतली ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री १९९५ मध्ये पाळीच्या त्रासासाठी दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला दाखल झाली होती. ती भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि मुलीची गर्भपिशवी आणि बीजांडकोश काढून टाकले. न्यायालयानं म्हटलं की सज्ञान, शहाणीसुरती बाई काही वेळापुरती बेशुद्ध आहे म्हणून तिच्या जागी दुसऱ्या कुणाला संमती देता येत नाही. जिवावर बेतलेलं नसेल तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं. तपासणीला दिलेला होकार शस्त्रक्रियेला लागू होत नाही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरेशी धरली आहे. तरीही दवाखाने घरच्यांची संमती मागतात, कायद्यात नसलेल्या अटी घालतात, याची दखल सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा घ्यावी लागली.

बाईची स्वतःची सही घेतली म्हणजे काम संपलं, असंही नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ११ मार्च २०१५ रोजी दिलेला मॉन्टगोमेरी निकाल प्रसूतीच्या संदर्भात आज जगभर शिकवला जातो. नादिन मॉन्टगोमेरी या स्कॉटलंडमधल्या बाई ठेंगण्या बांध्याच्या होत्या आणि त्यांना मधुमेह होता. मधुमेही आईचं बाळ अंगानं मोठं असू शकतं आणि डोकं बाहेर आल्यावर त्याचे खांदे अडकू शकतात. हा धोका शंभरात ९ ते १० इतका होता. नॉर्मल बाळंतपण होईल ना, अशी काळजी नादिन यांनी बोलूनही दाखवली होती. डॉक्टरांनी धोका सांगितला नाही. सांगितला तर अशा साऱ्याच बायका सिझर मागतील, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९९ मध्ये बाळ जन्मलं, खांदे अडकले, मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि मुलाला कायमचं अपंगत्व आलं. सोळा वर्षांनी न्यायालयानं ठरवलं की डॉक्टरला काय सांगावंसं वाटतं ही कसोटी चालणार नाही. त्या बाईच्या जागी असलेल्या माणसाला जे कळणं महत्त्वाचं वाटेल, ते सांगितलं पाहिजे. इतर कोणते मार्ग आहेत हेही सांगितलं पाहिजे. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. तांत्रिक माहितीचा भडिमार करून किंवा रिवाज म्हणून फॉर्मवर सही घेऊन हे कर्तव्य पार पडत नाही.

मग ते पार पडतं कसं? अमेरिकेत वैद्यकीय नीतीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आयोगानं १९८२ मध्ये डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून निर्णय घेण्याची कल्पना ठामपणे मांडली. तिच्या मुळाशी साधी गोष्ट आहे. खोलीत दोन जाणकार असतात. डॉक्टरला रोग, औषध आणि धोके कळतात. बाईला तिचं घर, तिचं काम, तिची आधीची बाळंतपणं आणि तिला सोसेल काय नि सोसणार नाही काय, हे कळतं. यातलं एकच ज्ञान वापरून घेतलेला निर्णय अर्धवट राहतो.

पहिलं बाळ सिझरनं झालं आहे आणि दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत, अशी बाई घेऊ. हा प्रसंग आज घरोघरी आहे. ‘पहिलं सिझर म्हणजे दुसरंही सिझरच’ हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की त्यात निवड आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेची मार्गदर्शिका सांगते की पहिल्या सिझरनंतर नॉर्मलसाठी योग्य असलेल्या बायकांपैकी ७२ ते ७५ टक्के जणींची प्रसूती नॉर्मल होते. एखादं बाळंतपण आधी नॉर्मल झालेलं असेल, तर हेच प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांवर जातं. दुसऱ्या बाजूला, कळा चालू असताना जुन्या टाक्यांवर पिशवी फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक आहे. ती फाटली तर मिनिटांत पोट उघडावं लागतं, नाहीतर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका. पुन्हा सिझर केलं तर हा धोका जवळजवळ टळतो, पण पुढच्या गरोदरपणाचा धोका वाढतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, वार पिशवीच्या तोंडाशी आलेल्या बायकांमध्ये ती पिशवीत रुतून बसण्याचं प्रमाण दुसऱ्या सिझरच्या वेळी ११ टक्के, तर तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के आढळलं होतं. रुतलेली वार म्हणजे प्रचंड रक्तस्राव आणि बऱ्याचदा पिशवी काढून टाकणं.

आता हे आकडे दोन बायकांसमोर ठेवले तर दोघींचं उत्तर वेगळं येऊ शकतं, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. जिला तिसरं मूल नको आहे, जी तालुक्याच्या गावापासून तासभर लांब राहते आणि जिच्या गावात रात्री गाडी मिळत नाही, तिला ठरवून केलेलं सिझर शहाणपणाचं वाटेल. जिला मोठ्या रुग्णालयात बाळंत होता येतं, जिचं पहिलं सिझर बाळ पायाळू होतं म्हणून झालं होतं आणि जिला पंधरा दिवसांत घरच्या कामाला लागावंच लागणार आहे, ती नॉर्मलचा प्रयत्न करू म्हणेल. ब्रिटनमध्ये ७४२ बायकांवर झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेमका याच प्रश्नावर होता. ज्यांना फायदे-तोटे समजावणारी साधनं वापरायला दिली, त्यांची निर्णयाबद्दलची घालमेल कमी झाली.

सगळेच प्रश्न इतके अवघड नसतात. काहींना थेट उत्तर असतं, फक्त कुणी देत नाही. ‘नाळ मानेभोवती आहे’ असं सोनोग्राफीच्या कागदावर वाचून घर हादरतं. पण चार-पाच बाळंतपणांमागं एकात नाळ मानेभोवती असतेच, आणि एवढ्याच कारणासाठी सिझर करण्याची गरज नसते. ‘तारीख उलटली’ हेही तसंच. दिलेल्या तारखेला शंभरातली चार-पाच बाळंच जन्मतात. सगळं ठीक असेल तर जागतिक आरोग्य संघटना ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणण्याचा सल्ला देते. ‘पाणी कमी झालंय’ म्हटलं तर किती कमी, बाळाची वाढ कशी आहे, रक्तपुरवठा ठीक आहे का, पुन्हा कधी बघायचं, हे चार प्रश्न विचारण्याचा हक्क बाईला आहे. यातला कुठलाही प्रश्न डॉक्टरवर अविश्वास दाखवणारा नाही.

आपल्याकडं या बोलण्यात एक अडचण आहे जिचा पाश्चात्य पुस्तकांत फारसा विचार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. सात-आठ महिने सोलापुरात तपासणी झाली आणि मग ओटी भरून लेक निघाली मंगळवेढ्याला, अक्कलकोटला, तुळजापूरला, नाहीतर विजयपूरकडच्या एखाद्या खेड्यात. तिथला डॉक्टर तिला पहिल्यांदाच बघतो. आधीच्या मॅडमशी जे काही बोलणं झालं असेल ते सोलापुरात राहतं, सोबत येते ती एक फाइल. त्या फाइलीत हिमोग्लोबिन असतं, सोनोग्राफी असते. बाईनं काय ठरवलं होतं, कशाला नको म्हटलं होतं, सोबत कोण हवं होतं, हे कुठंच लिहिलेलं नसतं. माता-बाल संरक्षण कार्डावर एवढ्यासाठी चार ओळी राखून ठेवल्या तरी केवढा फरक पडेल! आणि कार्डात ती सोय होईपर्यंत साध्या वहीच्या पानावर लिहून फाइलीला टाचता येतं.

दुसरी अडचण खास सोलापूरची. हे शहर मराठीत बोलतं, तेलुगूत बोलतं, कन्नडमध्ये बोलतं आणि दखनी उर्दूतही. विणकर पद्मशाली घरांतली आजी अजून तेलुगूतच विचार करते. एमआयडीसीत उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली कुटुंबंही आहेत. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात, ज्याला सगळे ‘सिव्हिल’ म्हणतात, प्रसूतिकक्षाबाहेर या साऱ्या भाषा एका बाकावर बसलेल्या दिसतात. संमतीचा कागद मात्र एका भाषेत, तोही छापील आणि जड. इथं एक साधा उपाय जगभर वापरला जातो. समजावून झालं की बाईलाच विचारायचं, ‘आता तुम्ही घरी जाऊन सासूबाईंना हे कसं सांगाल?’ तिच्या तोंडून जे येईल त्यावरून कळतं की काय पोचलं आणि काय निसटलं. सोलापूरच्या बहुतेक दवाखान्यांत तेलुगू-कन्नड जाणणारी सिस्टर किंवा मावशी असतेच. तिला दुभाषी म्हणून रीतसर काम आणि मान द्यायला काय हरकत आहे?

प्रसूतिकक्षातले निर्णय आणखी बारीक असतात, म्हणून ते निर्णय वाटतच नाहीत. आतून तपासायचं का, कळा वाढवायची सलाईन लावायची का, खाली काप द्यायचा का, उताणंच झोपायचं की कुशीवर चालेल. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या चार देशांतली पाहणी आली. निरीक्षकांनी प्रत्यक्ष बघून नोंदलं होतं की आतून केलेल्या तपासण्यांपैकी ५९ टक्के आणि दिलेल्या कापांपैकी ७५ टक्के संमतीशिवाय झाले. आपल्याकडचं चित्र यापेक्षा फार उजळ असेल असं समजायला जागा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी सांगतात की सरसकट काप देऊ नये, पोटावर दाब देऊन बाळ ढकलू नये, बाईला सोयीच्या स्थितीत बाळंत होऊ द्यावं. तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडलंच पाहिजे हा जुना हिशेबही त्यांनी बाजूला ठेवला.

याच शिफारशींत सोबतिणीचा आग्रह आहे आणि तो निव्वळ मायेपोटी नाही. १७ देशांतल्या १५,८५८ बायकांचा समावेश असलेले २६ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसलं की कळांच्या काळात सतत कुणी सोबत असलं तर नॉर्मल प्रसूती वाढते, सिझर कमी होतात आणि बाळंतपणाबद्दलची नाराजीही घटते. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत सोबतीण आत येऊ देण्याच्या सूचना दिल्या. ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई असावी आणि जिथं आडोसा आहे तिथं नवऱ्यालाही येऊ द्यावं, असं त्यात आहे. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या, प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठीच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानं त्यावर मोहोर उमटवली. सोबतीण धीर देते, पाणी पाजते, पण ती आणखी एक काम करते. कळांनी बोलता न येणाऱ्या बाईच्या वतीनं ती तिचं आधीचं म्हणणं सांगू शकते. अट एकच, ते म्हणणं तिला आधी माहीत हवं.

सिझरच्या आकड्यांकडं या नजरेनं बघायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रात २०.१ टक्के प्रसूती सिझरनं झाल्या होत्या. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत २५.४ टक्के. देशभरात सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के. यातून ‘खासगी डॉक्टर पैशासाठी कापतात’ एवढाच निष्कर्ष काढणं सोपं आणि अपुरं आहे. तालुक्याच्या गावात एकट्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं नर्सिंग होम असतं. भूलतज्ज्ञ फोन करून बोलवावा लागतो, रक्त शहरातून येतं, रात्रपाळीला एकच सिस्टर. अशा ठिकाणी पहिल्या सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करू देणं खरोखरच धोक्याचं ठरू शकतं. त्यात काही विपरीत घडलं तर नातेवाईकांचा जमाव काच फोडायला येतो. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्या भीतीचा अंदाज येतो. पण हीच गोष्ट सातव्या महिन्यात उघडपणे सांगता येते. ‘माझ्याकडं रात्री भूलतज्ज्ञ नसतो, तुम्हाला नॉर्मलचा प्रयत्न करायचा असेल तर सिव्हिलला नाव घाला.’ असं म्हणणारा डॉक्टर एक पेशंट गमावेल कदाचित, पण त्या बाईला खरी निवड देईल. उलट टोकही विसरता येत नाही. सिझर लागत असताना ते न मिळाल्यानं जाणारे जीव आहेतच. नाळ बाहेर आली, वार सुटली, बाळाचे ठोके बसले, तर चर्चेला वेळ नसतो, डॉक्टरनं हात चालवायचा असतो आणि कायदाही त्याला तशी मुभा देतो.

बोलणं झालंच नाही तर काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत जळजळीत उदाहरण बाळंतपणाचं नाही, पण त्याच अवयवाचं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जातात हे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे सहांत एक. या बायका दर हंगामात सोलापूर आणि पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात येतात. अंगावरून पांढरं जातं म्हणून, पाळीत खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो म्हणून, ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं म्हणून त्यांनी होकार दिला. कागदोपत्री संमती होती. औषधानं बरं होऊ शकतं, तरुणपणी पिशवी काढण्याचे परिणाम पुढं आयुष्यभर भोगावे लागतात, हे सांगणारं कुणी नव्हतं. गरजेनं आणि भीतीनं दिलेल्या अशा होकाराला निवड म्हणणं हा त्या बायकांवर दुसरा अन्याय आहे.

म्हणून प्रश्न पुन्हा वेळेचा आणि खाड्याचा होतो. बोलायला वेळ हवा आणि तो पोट दिसू लागल्यापासून आठव्या महिन्यापर्यंत हवा. तशी एक जागा तयार आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी आशाताईंनी बायकांचे गट बसवून प्रसूतिगृहात काय काय घडतं, कुठं नाही म्हणता येतं, सोबतीला कुणाला आणायचं, हे बोलून घेतलं तर डॉक्टरसमोरची पाच मिनिटंही सत्कारणी लागतील.

पण ९ तारखेला कारखान्यात पाळी असते. कामगार विम्याखाली आलेल्या बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. बाळाजवळ जास्त दिवस राहता यावं म्हणून बायका रजा मागं ठेवतात आणि भरत आलेल्या पोटानं कामावर जातात. लाभासाठी आधीच्या दोन वर्गणी कालखंडांत ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ठेकेदार बदलला, नाव उशिरा चढलं, की ही रजाही बुडते.

या प्रांताला हा विषय नवा नाही. प्रसूती लाभाचा कायदा हिंदुस्थानात सर्वांत आधी १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात झाला आणि सोलापूर तेव्हा त्या इलाख्यातलं गिरण्यांचं शहर होतं. त्याआधी वर्षभर, जुलै १९२८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात विधेयकाला पाठिंबा देताना म्हटलं होतं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. चिंचोळीतल्या कारखान्यांनी आज दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर कामगारांना, ठेकेदाराकडच्या बायकांसकट, अर्धा दिवस पगारी सुट्टी दिली तर त्याचा खर्च नगण्य आहे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, वसाहतीतल्या कारखानदारांच्या संघटनेची एक बैठक पुरेल.